स्वतःची फाइलसिस्टिम एनएफएसवरून एक्स्पोर्ट केली, हँडल सारखं शिळं होतंय

झिरो_माइल · सोमवार, १०:१२
नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका नकाशा-संग्रहासाठी कर्नल मॉड्यूल म्हणून छोटी फाइलसिस्टिम लिहिली आहे. ब्लॉक डिव्हाइसवर बसते. आत गावनकाशांचे स्कॅन, एकेक फाइल ४० ते ३०० एमबीची. सर्व्हर एक, कर्नल ६.८. क्लायंट १४, सगळे एनएफएस ४.२ने (नेटवर्कवरून फाइली वाटून देणारी पद्धत) माउंट केलेले.

आधी एक्स्पोर्टएफएस 'डझ नॉट सपोर्ट एनएफएस एक्स्पोर्ट' म्हणून परत पाठवत होतं. मग सुपरब्लॉकच्या एस_एक्स्पोर्ट_ऑपमध्ये दोन गोष्टी भरल्या: हँडल (सर्व्हरने क्लायंटला दिलेली फाइलीची ओळखचिठ्ठी) बनवणाऱ्या एनकोड_एफएचला जेनेरिक_एनकोड_आयनो३२_एफएच, आणि हँडलवरून फाइल शोधणाऱ्या एफएच_टू_डेंट्रीमधून जेनेरिक_एफएच_टू_डेंट्री. बाकी रकाने रिकामे. आता माउंट होतं, फाइली उघडतात. पण:

१) सर्व्हरवर बॅकअप सुरू झाला की थोड्या वेळात क्लायंटवर 'स्टेल फाइल हँडल', एरर ११६.
२) सर्व्हर रीबूट केला की माउंटचं मूळ फोल्डर दिसतं, आतल्या फोल्डरांत उभे असलेले प्रोग्रॅम मात्र मरतात.
३) रीबूटनंतर दोनदा एका गावाच्या जागी दुसऱ्याच गावाचा नकाशा उघडला.

तिसऱ्याने झोप उडाली आहे. कुठे बघू?

सीताबर्डीकर · सोमवार, १०:३१
इनोड (फाइलीची मूळ नोंद) नंबर कुठून आणता? आणि आय_जनरेशन, म्हणजे तो नंबर मधे दुसऱ्या फाइलीला गेला का ते सांगणारा आकडा?

झिरो_माइल · सोमवार, १०:४०
नंबर गेट_नेक्स्ट_आयनोने. जनरेशन भरलेलं नाही, म्हणजे शून्यच. हँडलवरून इनोड शोधायला आयलुकअप वापरतो.

सीताबर्डीकर · सोमवार, १०:५८
मग तिन्ही दुखण्यांचं मूळ एकच.

आयलुकअप फक्त मेमरीतल्या इनोड कॅशमध्ये बघतं. बॅकअप सगळ्या फाइली वाचत सुटतो, मेमरीवर ताण येतो, जुने इनोड बाहेर फेकले जातात. आता क्लायंटने जुनं हँडल दाखवलं की तुमच्या कोडला ते सापडत नाही, झालं ११६. एनएफएस ४ मध्ये उघडी असलेली फाइल सर्व्हर स्वतः धरून ठेवतो, त्यामुळे तिचा इनोड हलत नाही. मार खातात ती फोल्डरं आणि बंद केलेल्या फाइली. एनएफएस ३ असतं तर उघड्या फाइलीही गेल्या असत्या.

मूळ फोल्डर वाचतं, कारण एक्स्पोर्टच्या मुळासाठी एनएफएसडी (कर्नलमधला एनएफएस सर्व्हर) तुमचं एनकोड_एफएच बोलावतच नाही. त्या हँडलमध्ये फाइलआयडीचा प्रकार शून्य असतो, अर्थ 'हेच मूळ'.

आणि गेट_नेक्स्ट_आयनो हा नुसता मोजणारा आकडा आहे, रीबूटनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू. काल ५१२ म्हणजे एक गाव, आज ५१२ म्हणजे ज्याचा नंबर लागला ते. जनरेशन दोन्हीकडे शून्य, म्हणजे तपासणी पास. चुकीचा नकाशा असा उघडतो.

मौजा_खसरा · सोमवार, ११:२०
राजेहो, हे आपल्याकडच्या माणसाला समजायला सोपं आहे. पाथ म्हणजे 'गोकुळपेठ मार्केटच्या मागे, पिंपळाजवळचं घर'. हँडल म्हणजे मौजा अमुक, खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक तमुक. पिंपळ तोडला, घराचं नाव बदललं, तरी खसरा तोच. एनएफएसचा क्लायंट पत्ता एकदाच विचारतो, पुढचं सगळं बोलणं खसऱ्यावर. सर्व्हर मधे मरून उठला तरी त्याच कागदावर त्याने तीच जमीन दाखवायची असते.

एफएसआयडी, म्हणजे कोणती फाइलसिस्टिम ते सांगणारा आकडा, तो मौजा. इनोड म्हणजे खसरा. आणि जनरेशन म्हणजे त्या क्रमांकावर मधल्या काळात जुनं पाडून नवं बांधलं का, ते सांगणारा आकडा. झिरो_माइल यांच्याकडचा तलाठी खसरा क्रमांक रोज सकाळी बँकेच्या टोकनसारखे वाटून राहिला आहे.

तर्री_पोहे · सोमवार, ११:२४
अन् पोटहिस्सा पडला तं? ४५/१, ४५/२?

मौजा_खसरा · सोमवार, ११:२९
पोटहिस्सा म्हणजे हार्डलिंक नव्हे बावा. हार्डलिंकमध्ये जमीन एकच, तिला दारं दोन.

अंबाझरी_काठ · सोमवार, १२:४५
दुरुस्ती सविस्तर लिहिते, कारण यातल्या प्रत्येक ठिकाणी घसरायला जागा आहे.

इनोड नंबर डिस्कवरच्या जागेवरून ठरवा: इनोड टेबलातला अनुक्रम किंवा मेटाडेटाचा ब्लॉक नंबर. जेनेरिक_एनकोड_आयनो३२_एफएच नावाप्रमाणे ३२ बिटच घेतं. ब्लॉक नंबर वापरणार असाल तर ४ केबीच्या ब्लॉकला १६ टीबीपर्यंत निभावेल. त्यापुढे नंबर गुपचूप कापला जाईल, एररही येणार नाही. डिव्हाइस मोठं होण्याची शक्यता असेल तर आताच स्वतःचं एनकोड लिहा, ६४ बिट नंबर आणि ३२ बिट जनरेशनचं. एक्सएफएस मोठ्या नंबरांसाठी हेच करते. (६.७ पासून एनकोड_एफएच देणं सक्तीचं झालं, आधी रिकामं ठेवलं तर ३२ बिटवालं आपोआप लागायचं. जुन्या लेखांतला नमुना कोड म्हणून आता अपुरा पडतो.)

स्वतःचं लिहिताना लक्षात ठेवा, मॅक्स_लेन बाइटमध्ये नसून ४ बाइटच्या शब्दांत असतं. जागा कमी पडली तर त्यात हवी ती लांबी लिहून २५५ परत करायचं, अर्धवट हँडल नाही.

जनरेशनला डिस्कवरच्या इनोडमध्ये ४ बाइट लागतील. राखीव जागा असेल तर तिथे. नवा इनोड बनवताना यादृच्छिक आकडा टाका, ईएक्सटी४ तेच करते. इनोड वाचताना तो डिस्कवरून उचला. काही जण वाचतानाच नवा यादृच्छिक आकडा टाकतात. मग कॅश रिकामी झाली की प्रत्येक हँडल शिळं.

गेट_इनोड कॉलबॅकमध्ये आयलुकअपच्या जागी तुमचं नेहमीचं आयगेट, म्हणजे आयगेट_लॉक्ड, आणि इनोड नवा असेल तर डिस्कवरून भरणं. पण त्याआधी नंबर हद्दीत आहे का ते तपासा. हँडल नेटवर्कवरून येतं, कोणीही काहीही आकडा पाठवू शकतो. ईएक्सटी४ राखीव इनोडांना, मूळ सोडून, दारातच ११६ देते. तुमचा बिटमॅप किंवा जर्नल एखाद्या इनोडमध्ये असेल तर तो असा उघडता कामा नये. वाचून झाल्यावर दोन प्रश्न: लिंकची संख्या शून्य आहे का, आणि जनरेशन जुळतं का. कुठेही नापास झालं तर आयपुट करून (इनोडचा संदर्भ सोडून) ईस्टेल, म्हणजे तोच ११६.

डी_ऑब्टेन_एलियस तुमच्या इनोडचा संदर्भ स्वतःकडे घेतं, अपयश आलं तरीही. त्यानंतर पुन्हा आयपुट केलं तर मोजणी बिघडते आणि कर्नल भलत्याच ठिकाणी कोसळतं. जेनेरिक_एफएच_टू_डेंट्री हे आतल्या आत सांभाळतं, तेच ठेवा.

आणि लुकअपमध्ये डी_ॲड असेल तर काढून डी_स्प्लाइस_एलियस लावा. हँडलवरून आलेल्या फोल्डरला आधी बेवारस डेंट्री (मेमरीतली नाव आणि इनोड जोडणारी नोंद, अजून झाडाला न लागलेली) मिळते. नंतर कोणी पाथने तिथे पोचलं की डी_स्प्लाइस_एलियस ती उचलून झाडाला जोडतं. डी_ॲड दुसरी डेंट्री करून मोकळं होतं, आणि फोल्डरला दोन डेंट्री कर्नलला चालत नाहीत.

फुटाळा · सोमवार, १३:१०
एवढा खटाटोप कशाला? फ्यूजमध्ये (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमने चालणारी फाइलसिस्टिम) लिहा, एक्स्पोर्ट करा, संपलं.

अंबाझरी_काठ · सोमवार, १३:३२
फुटाळा, फ्यूजमध्येही हेच सगळं आहे, फक्त खोली बदलते. कर्नल नोडआयडी विसरलं की हँडलवरून पुन्हा विचारतं, 'या नोडखालचं टिंब कोणतं?' त्यासाठी सुरुवातीच्या बोलणीत एक्स्पोर्ट सपोर्टचा झेंडा द्यावा लागतो आणि टिंब व दोन टिंबांचं लुकअप लिहावं लागतं. नोड आणि जनरेशनची जोडी फाइलसिस्टिमच्या आयुष्यात पुन्हा येता कामा नये, ही अट तिथेही आहे. वरच्या थरातल्या लायब्ररीत नोफर्गेट लावून वेळ मारून नेता येते, पण मग मेमरी फुगत जाते आणि प्रक्रिया पुन्हा सुरू केली की हँडलं गेलीच.

फुटाळा · सोमवार, १३:३५
बरं, माघार.

मिहान_रात्रपाळी · सोमवार, १४:५०
सगळे इनोडमागे लागलेत, मौजा कोणी पाहिला का?

सर्व्हरवर कोणती फाइलसिस्टिम हे हँडलमध्ये कसं लिहायचं, ते माउंटडी (सर्व्हरवरचा एनएफएसचा मदतनीस प्रोग्रॅम) ठरवतं. ईएक्सटी४, एक्सएफएस असेल तर ब्लकआयडी या डिस्क ओळखणाऱ्या साधनाकडून यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळखक्रमांक, मिळतो. तुमची घरची फाइलसिस्टिम ब्लकआयडी ओळखतच नाही. मग स्टॅटएफएसमधलं एफ_एफएसआयडी बघितलं जातं, तेही शून्य असेल तर डिव्हाइसचा मेजर-मायनर नंबर. आणि नमुना कोड उचलला असेल तर एफ_एफएसआयडीही डिव्हाइस नंबरवरूनच भरलेलं असतं. रीबूटला डिस्कांचा क्रम बदलला, एसडीबीची एसडीसी झाली, की इनोड कितीही शहाणे असोत, सगळी हँडलं शिळी.

म्हणून एक्स्पोर्ट्सच्या ओळीत स्पष्ट लिहा:

/नकाशे १९२.१६८.१०.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,एफएसआयडी=४४०)

४४० म्हणजे आपल्या पिनकोडाचे पहिले तीन आकडे, लक्षात राहतात. शून्य मात्र टाकू नका, एनएफएस ४ मध्ये तो आभासी झाडाच्या मुळासाठी आहे. आकार बघा: ४ बाइट मथळा, ४ एफएसआयडी, ८ इनोड-जनरेशन, एकूण १६. पूर्ण यूयूआयडी असता तर २८. मर्यादा एनएफएस २ ला ३२, ३ ला ६४, ४ ला १२८, म्हणजे जागा भरपूर.

टीएमपीएफएस आणि ओव्हरलेएफएसलाही एफएसआयडी द्यावं लागतं, त्यांच्यामागे डिव्हाइसच नसतं. ओव्हरलेला वर इंडेक्स आणि एनएफएस_एक्स्पोर्ट दोन्ही चालू हवेत, खालच्या थरांनाही हँडल समजायला हवं, आणि मेटाकॉपी त्यासोबत जमत नाही.

सीताबर्डीकर · सोमवार, १५:०५
मिहान यांचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. एलव्हीएम स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) शेजारी माउंट करून दोन्ही एक्स्पोर्ट करणाऱ्यांनीही हे वाचावं. यूयूआयडी दोन्हीचा एकच, म्हणजे दोन मौजांना एकच नाव. एक्सएफएस नोयूयूआयडीशिवाय असं माउंट होऊच देत नाही, ईएक्सटी४ मुकाट होऊ देते. दोघांना वेगवेगळं एफएसआयडी द्या.

जुना_सिसॲडमिन · सोमवार, १६:१८
वरच्या ओळीतल्या नो_सबट्री_चेकला माझा विरोध. उपफोल्डर एक्स्पोर्ट करणार असाल तर सबट्री_चेक हवंच. नाहीतर हँडलमधला इनोड नंबर अंदाजाने बदलून त्याच फाइलसिस्टिमवरची बाहेरची फाइल मागता येते. खसरा क्रमांक काही गुप्त नसतो.

अंबाझरी_काठ · सोमवार, १६:४०
काका, धोका खरा आहे, उपाय महाग आहे. सबट्री_चेक लावलं की हँडलमध्ये पालक फोल्डरचाही इनोड-जनरेशन जातो. उघडी फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली की क्लायंटकडचं हँडल शिळं. शिवाय एफएच_टू_पेरेंट लिहावं लागेल. एनएफएस-यूटिल्स १.१.० पासून मूळ निवड नो_सबट्री_चेकच आहे. नकाशे वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवून मूळच एक्स्पोर्ट केलं की बाहेर काही उरतच नाही. झिरो_माइल यांचं तसंच आहे ना?

झिरो_माइल · सोमवार, १६:४४
हो, आख्खं डिव्हाइस फक्त नकाशांचं.

जुना_सिसॲडमिन · सोमवार, १६:५१
मग ठीक. उपफोल्डरवाल्यांसाठी माझं म्हणणं कायम.

तर्री_पोहे · सोमवार, १७:०२
काका 'मग ठीक' म्हणले, तारीख लिहून ठेवा राजेहो.

वर्धा_रोड · सोमवार, १८:३०
पेनड्राइव्हचं फॅट एक्स्पोर्ट करता येतं का? तिथे तर इनोडच नसतात.

सीताबर्डीकर · सोमवार, १८:४७
येतं, दोन तऱ्हांनी. माउंट करताना एनएफएस=स्टेल_आरडब्ल्यू दिलं तर लिहिता येतं, पण कॅशमधून इनोड गेला की ११६ येऊ शकतो. म्हणजे धागाकर्त्याचीच आजची अवस्था. एनएफएस=नोस्टेल_आरओ दिलं तर डिरेक्टरी नोंद डिस्कवर कुठे आहे ते स्थानच हँडलमध्ये जातं. ते स्थान हलू नये म्हणून माउंट केवळ-वाचन होतं. चांगलं उदाहरण आहे: स्थिर नंबर नसेल तर लिहिणं सोडा, नाहीतर स्थिरपणा सोडा.

एक_नंबर_संत्रा · सोमवार, २०:१५
हँडल नीट झालं म्हणजे एक्स्पोर्ट नीट झालं असं नाही. रीडडिरची, म्हणजे फोल्डरची यादी वाचण्याची, कुकी बघा. क्लायंट फोल्डराची यादी तुकड्यांत मागतो आणि 'या कुकीच्या पुढचं दे' म्हणतो. मधे मिनिटं जाऊ शकतात, सर्व्हर रीबूटही होऊ शकतो. तुमची कुकी म्हणजे 'यादीतला कितवा' असेल तर मधली नोंद पुसली की पुढचे सगळे एकेक घर सरकतात आणि एक नोंद सुटते. लक्षण ठरलेलं: क्लायंटवर आरएम -आरएफ केलं की 'डिरेक्टरी नॉट एम्प्टी', दुसऱ्यांदा केलं की जातं. कुकी म्हणून नोंदीचा डिस्कवरचा ऑफसेट द्या, आणि पुसलेली नोंद लगेच सरकवून जागा भरू नका.

झिरो_माइल · मंगळवार, ००:२०
आमच्याकडे ऑफसेटच आहे, सुटलो.

बदल केले: ब्लॉक नंबर हाच इनोड नंबर, जनरेशन डिस्कवर, आयगेट_लॉक्ड, डी_स्प्लाइस_एलियस, एफएसआयडी=४४०. जुन्या डिस्कवरच्या इनोडांत एकदाच जनरेशन भरणारा छोटा प्रोग्रॅमही लिहिला. फाइली आता बॅकअप चालू असतानाही टिकतात.

पण सर्व्हरवर ड्रॉप_कॅशेसमध्ये २ लिहिलं (म्हणजे मेमरीतले इनोड आणि डेंट्री टाकून द्यायला सांगितलं) की क्लायंटवर आधीच उघडलेल्या उपफोल्डरात एलएस केल्यावर अजून ११६ येतो. फाइलीला नाही, फक्त फोल्डरला. असं का?

मिहान_रात्रपाळी · मंगळवार, ०१:०५
गेट_पेरेंट रिकामं आहे म्हणून.

बेवारस फाइल कर्नलला चालते, सबट्री_चेक नसेल तर तिचा मूळापर्यंतचा रस्ता कोणी विचारत नाही. फोल्डरचं तसं नाही. फोल्डर मूळापर्यंत जोडलेलं नसेल तर फोल्डर स्वतःच्याच पोटात हलवणं कर्नलला ओळखता येणार नाही. म्हणून एक्स्पोर्टएफएसचा कोड एकेक पायरी वर चढतो: गेट_पेरेंटने आईबाप शोध, आईबापात या मुलाचं नाव शोध, लुकअपने जोड, पुन्हा वर. पहिलीच पायरी नसल्याने तुमचं फोल्डर अधांतरी राहतं आणि उत्तर ईस्टेल.

तुमच्या डिस्कवर दोन टिंबांची नोंद आहे का? असेल तर तिचा इनोड काढून डी_ऑब्टेन_एलियसला द्या, पाच ओळींचं काम. नसेल तर फोल्डरच्या इनोडमध्ये पालकाचा नंबर ठेवा आणि रीनेममध्ये तो बदलायला विसरू नका. विसरलात तर लक्षण उशिरा दिसतं: हलवलेलं फोल्डर दिवसभर ठीक, रात्री कॅश रिकामी झाली की शिळं.

सीताबर्डीकर · मंगळवार, ०८:१०
भर घालतो. गेट_नेम नाही लिहिलं तरी चालतं. मूळ सोय पालक फोल्डर पहिल्यापासून वाचत इनोड नंबर जुळवते. यात दोन अडचणी. तुमच्या रीडडिरने दिलेला नंबर आणि स्टॅटने दिलेला नंबर वेगळे असतील तर नाव कधीच सापडणार नाही. रीडडिरमध्ये जुना नंबर उरला आहे का तेवढं पाहा. आणि एका फोल्डरात लाखभर उपफोल्डरं असतील तर कॅश थंड असताना प्रत्येक हँडलमागे लाख नोंदी वाचल्या जातील.

झिरो_माइल · मंगळवार, ०९:३५
बरोब्बर तेच होतं. दोन टिंबांची नोंद होती, गेट_पेरेंट लिहिलं. रीडडिरमध्ये जुना नंबर उरला होता, तोही काढला. आता फोल्डरही टिकतं. खात्री कशी करू? क्लायंटवर बसून वाट पाहायची?

अंबाझरी_काठ · मंगळवार, १०:०२
नेटवर्कची गरजच नाही. नेम_टू_हँडल_ॲट आणि ओपन_बाय_हँडल_ॲट या दोन सिस्टिम कॉलना हेच कोड लागतात, २.६.३९ पासून आहेत. हँडल काढा, फाइलीत साठवा, अनमाउंट करा, मॉड्यूल काढून पुन्हा घाला, माउंट करा, साठवलेलं हँडल उघडा. उघडायला कॅप_डीएसी_रीड_सर्च लागतं, रूटनेच चालवा.

एक्सएफएसटेस्ट्समध्ये तयार चाचण्या आहेत: जेनेरिक/४२६ पुसलेल्या फाइलींची हँडलं शिळी होतात का ते बघते, ४६७ हँडलवरून उघडणं, ४७७ तेच पुन्हा माउंट केल्यावर. तुमची ४७७ काल नापास झाली असती. एक चाचणी हाताने करा: फाइल पुसा, त्याच इनोडवर नवी फाइल येईपर्यंत फाइली बनवत राहा, मग जुनं हँडल उघडा. ईस्टेलच यायला हवं. उघडलं तर तुमचा तिसरा आजार अजून आहे.

एक_नंबर_संत्रा · मंगळवार, १०:४०
आणि वीज. सिंक लिहिलं म्हणजे एनएफएसडी नवी फाइल बनल्यावर मेटाडेटा डिस्कवर गेल्याशिवाय क्लायंटला 'झालं' म्हणत नाही. पण कमिट_मेटाडेटा तुम्ही दिलं नसेल तर तो तुमच्या राइट_इनोडवर विसंबतो. राइट_इनोड वाट न पाहता परत येत असेल तर सिंक नावालाच. मे महिन्यात दुपारी वीज गेली की नव्या फाइलीचं हँडल क्लायंटकडे आणि इनोड कुठेच नाही. सिंकची मागणी आल्यावर बफर खरंच लिहून येतो का, ते तपासा.

वर्धा_रोड · मंगळवार, ११:१५
हा माउंट पुढे दुसऱ्या सर्व्हरवरून पुन्हा एक्स्पोर्ट केला तर? दुसऱ्या इमारतीसाठी.

मिहान_रात्रपाळी · मंगळवार, ११:३३
मूळ हँडलला २२ बाइट जोडले जातात, मग ४ च्या पटीत वर. यांचं १६ चं ४० होईल, एनएफएस ३ च्या ६४ मध्येही बसतं. मूळ ४२ च्या पुढे असेल तर ३ वर बसणार नाही. मधल्या सर्व्हरलाही एफएसआयडी हवं. आणि मधला सर्व्हर रीबूट झाला तर लॉक परत मिळत नाहीत, म्हणून वाचनापुरतंच वापरा.

झिरो_माइल · मंगळवार, १२:५०
४२६, ४६७, ४७७ तिन्ही पास. हाताची चाचणी ११६ देते. राइट_इनोड खरंच वाट पाहत नव्हतं, दुरुस्त केलं. शेवटचं: नवं मॉड्यूल आणि एफएसआयडी खऱ्या सर्व्हरवर टाकताना क्लायंटना काही करावं लागेल?

सीताबर्डीकर · मंगळवार, १३:०४
हो. मौजाच बदलला, मूळ फोल्डरसकट आजवरचं प्रत्येक हँडल एकदा शिळं होणार. आधी १४ही क्लायंट अनमाउंट, मग सर्व्हर बदला, एक्स्पोर्टएफएस -आरए, मग माउंट. एखादा अडकला तर यूमाउंट -एल.

तर्री_पोहे · मंगळवार, १३:०९
शनिवारी कर भाऊ. आज केलं तं १४ जण तुलेच शोधत येतील, तेही हँडलशिवाय.